रेक्टिफाईड टाईलचा काटकोन
रेक्टिफाईड म्हणजे साच्यातूनच सरळ निघालेली टाईल, असं कुणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही. भट्टीत टाईल आकसते आणि सगळीकडं सारखी आकसत नाही, म्हणून भाजल्यावर स्क्वेअरिंग मशीनवर डायमंडच्या चाकांनी आधी समोरासमोरच्या दोन कडा घासतात, मग टाईल ९० अंशात फिरवून उरलेल्या दोन, शेवटी धार मोडायला बारीक चॅम्फर, म्हणजे कडेला तिरका घास. त्या फिरवण्यातच जरा तिरकी गेली की माप बरोबर येतं पण काटकोन हुकतो.

आमच्या परभणीच्या घरी हेच झालं, टेपनं चारी बाजू सारख्या, तरी चौथ्या ओळीला फट उघडली. मग मिस्त्रीमामानं दोन टाईल तोंडाला तोंड लावून उभ्या केल्या, तर एका कडेला चक्क नख अडकायला लागलं, म्हणजे काटकोन हुकलेला. बॉक्स फोडल्या फोडल्या एवढं बघून घ्याच, दोन मिनिटं लागतात.