अनुभव धागा : “माझं कॅरेक्टर असंच वागणार की!”

परवाच्या रविवारी बेळगावात टिळकवाडीत आमच्या माडीवर डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, एकेक पात्र घेऊन फासे टाकत गोष्ट खेळायची) खेळ मोडला. रोग, म्हणजे कुलपं उघडणारा चोर, घेतलेल्या मित्रानं (नावातच रोग!) क्लेरिकच्या, म्हणजे मंत्रवाल्या पुजाऱ्याच्या, पिशवीतला 300 सोन्याच्या नाण्यांचा हिरा गुपचूप लांबवला. पुढच्याच लढाईत फायटर मेली. मेलेल्याला उठवायच्या रिव्हिव्हिफाय मंत्राला तोच हिरा लागतो, तेही मेल्यापासून एका मिनिटाच्या आत. क्लेरिकनं पिशवीत हात घातला आणि डीएम (खेळ चालवणारा) म्हणून मला सांगावं लागलं, “हिरा नाहीये.” रोगवाला हसत म्हणतो, “माझं कॅरेक्टर असंच वागणार की!” फायटरवालीनं कॅरेक्टर शीट टराटरा फाडली, स्कूटी काढली, गेली. कुंद्याचा डबा कुणी उघडलासुद्धा नाही. तुमच्याकडं असं झालं तर काय केलंत? लिहा.

खानापूरवाला : आमच्यात एकमेकांच्या विरुद्ध फासा टाकायचाच नाही. ज्याच्यावर डाव, तोच सांगणार पुढं काय झालं. पहिल्याच वेळी वहिनी म्हणाल्या, “घातलास हात? आत मिरचीपूड होती.” तेव्हापासून पिशव्या सुरक्षित.

निपाणीची : अलाइनमेंटच्या (पात्राची वृत्ती) रकान्यात केऑटिक न्यूट्रल, म्हणजे मनाला येईल तसं वागणारा, लिहिलं की काहीही करायचा परवाना मिळाला असं पोरांना वाटतं. 1974 च्या पहिल्या आवृत्तीत तर तीनच अलाइनमेंट होते. आम्ही तो रकानाच खोडलाय.

शहापूर पेठ : आमचं भांडण चोरीचं नव्हतं. टेबलावर तिघं मराठी, दोघं कन्नड, सगळे शाळेपासूनचे. डीएमनं हौसेनं दोन राज्यांच्या मधलं एक गाव रचलं, कुणाचं ते ठरेना. एकानं ड्वार्फ, म्हणजे बुटका, घेतलेला, दुसऱ्यानं एल्फ, म्हणजे टोकदार कानांचा. तो म्हणाला, माझा ड्वार्फ एल्फांच्या भाषेत उत्तर देणार नाही. पहिल्यांदा हसलो. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही. एल्फवाला फासा मुठीत धरून बसला, टाकेचना. ज्यांच्या घरी आजोबांच्या तोंडी 1956 अजून येतं, त्यांना ते गाव कुठलं हे सांगावं लागत नाही. डीएमनं तिथंच नकाशा मिटला, चहा मागवला. मग ठरलं, भाषा आणि सीमा आपल्या खेळात नको. हे सेशन झीरोलाच, म्हणजे खेळाच्या आधीच्या बैठकीतच, बोलायला हवं होतं. ड्वार्फ-एल्फ अजून भांडतात, पण दारूच्या बिलावरून.

चिकोडीकर : एकाला काढूनच टाकला. वाईट वाटलं, पण काढला.

धागाकर्ता : काल रोगवाल्याला फोन केला. म्हटलं, कॅरेक्टरचं सोड, तुझं काय बिनसलंय? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “चार रविवार झाले, एक कुलूप आलं नाही बे. मी नुसता बसून असतो.” वही काढून बघितली. खरंच, चारही रविवार नुसत्या लढाया. फायटरवालीला त्यानं स्वतःच फोन केलाय, ती अजून उचलत नाही. मी एक तिजोरी काढायला घेतलीय.