मदत हवी आहे: रानभाज्यांवरचा शोधनिबंध जर्नलच्या ऑफिसातूनच परत आलाय

पावसाळी_पाऊलवाट

नमस्कार मंडळी,
कोकणातल्या एका सिनिअर कॉलेजात बॉटनी शिकवते. मी, माझी एक सहकारी आणि एम.एस्सी.चा एक विद्यार्थी, असे तिघे मिळून तालुक्यातल्या पावसाळी रानभाज्यांवर काम करतोय. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कवळा, शेवळं... कोण कधी खुडतं, कशी शिजवतात, शेवळाची खाज मोडायला काकडं (एक आंबट रानफळ) किती घालतात, असा भरपूर विदा जमलाय. बहुतेक माहिती कातकरी वाड्यांवरच्या बायकांकडून मिळालेली.

पेपर इंग्रजीत लिहून एका परदेशी जर्नलला पाठवला. रिव्ह्यूअरपर्यंत गेलाच नाही, 'तांत्रिक तपासणी'त परत आला. कारणं अशी: संदर्भ त्यांच्या पद्धतीत नाहीत, फोटोंचं रिझोल्युशन कमी, शास्त्रीय नावांपुढे नाव देणाऱ्याचं नाव नाही, व्हाउचर क्रमांक (जपून ठेवलेल्या नमुन्याचा नोंदणी क्रमांक) नाहीत, आणि तक्त्यातली स्थानिक नावं वाचता येत नाहीत. शेवटचं मी त्यांच्या पीडीएफमध्ये पाहिलं. विद्यार्थ्याने मराठी नावं कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केली होती, त्यामुळे 'टाकळा'च्या जागी 'व्ही के डी जी के' अशी इंग्रजी अक्षरं उमटली आहेत!

संदर्भ शंभराच्या आसपास आहेत. सहकारी म्हणते, विद्यापीठाजवळ एक टायपिंगवाला पानामागे पैसे घेऊन 'जर्नल फॉरमॅट' करून देतो, त्याच्याकडे देऊन मोकळं होऊ. द्यावं का? आणि सुरुवात कुठून करू?

हर्बेरियमवाला

ताई, टायपिंगवाल्याचं नंतर बघू. त्या पाचातली दोन कारणं फॉरमॅटची नाहीतच. व्हाउचर नसेल तर तुमची भारंगी ती खरंच भारंगी, हे वाचणाऱ्याने कशावरून मानायचं? नमुने दाबून ठेवलेत ना? असतील तर मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात) जमा करून क्रमांक घ्या. पुण्यात बीएसआयचं (भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं) पश्चिम मंडळ आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ, मुंबईत सेंट झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम. आधी फोन करा, लेबलवर काय काय हवं ते विचारा, मग जा. कॉलेजच्या कपाटातला नमुना कितीही चांगला असला तरी बरीच जर्नलं तो धरत नाहीत.

आता नावं. जुन्या फ्लोरातून (एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींच्या ग्रंथातून) उतरवली असतील तर एकेक तपासा. भारंगी कुकच्या फ्लोरात क्लेरोडेंड्रॉन, कुळ व्हर्बिनेसी. आज ती रोथेका सेराटा, कुळ लॅमिएसी. पुढे कंसात लिनियसचा 'एल.' आणि कंसाबाहेर स्टीन व मॅबरली. कंसातल्याने जातीला मूळ नाव दिलं, बाहेरच्यांनी तिला आजच्या प्रजातीत (जीनसमध्ये) नेलं. टाकळ्याचंही तसंच: सेना टोरा, कंसात एल., बाहेर रॉक्सबर्ग. तिरकं फक्त प्रजाती आणि जातीचं नाव, माणसांची नावं सरळ. लेखकनावांसाठी आयपीएनआय (वनस्पतींच्या नावांची ऑनलाइन सूची) आणि सध्या ग्राह्य नाव कोणतं यासाठी क्यू गार्डन्सचं 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' बघा, दोन्ही फुकट आहेत.

शेवळाचा नमुना कोणत्या महिन्यातला आहे?

तळटीप

टायपिंगवाल्याकडे देऊ नका. तो संदर्भ हाताने बदलून देईल, जर्नल बदललं की पुन्हा पानामागे पैसे. झोटेरो घ्या, संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. ज्या लेखांना डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) आहे त्यांचा नुसता क्रमांक टाकला की माहिती आपोआप भरते. जुनी पुस्तकं आणि गॅझेटिअर मात्र हाताने भरावी लागतील. मग जर्नलची स्टाइल निवडली की अख्खी यादी एका झटक्यात बदलते.

पण डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आपोआप आलेल्या माहितीत शीर्षक कधी सगळं कॅपिटलमध्ये असतं, कधी पानांचे आकडे गायब असतात. शिवाय शीर्षकातली लॅटिन नावं सरळ येतात. ती तिरकी हवीत तर झोटेरोच्या शीर्षकाच्या रकान्यातच नावाच्या आगेमागे एचटीएमएलचा आय टॅग टाका. वर्डमध्ये हाताने तिरकं केलंत तर पुढच्या रिफ्रेशला पुसलं जाईल. पाठवायच्या आधी फाइलची वेगळी प्रत काढून तिच्यात 'अनलिंक सायटेशन्स' करा, म्हणजे संदर्भ साधा मजकूर होतात; मूळ फाइल तशीच राहू द्या.

एक सुचवतो. काही प्रकाशक पहिल्या फेरीला फॉरमॅट बघतच नाहीत. एल्सेव्हिअरच्या बऱ्याच जर्नलांत 'युअर पेपर युअर वे' म्हणून सोय आहे: संदर्भ कुठल्याही एका पद्धतीत सुसंगत असले की झालं, बाकीचं स्वीकारल्यावर. तुमच्या जर्नलच्या लेखक-सूचनांत असं काही आहे का बघा. उगाच आधीच घाम गाळू नका.

पिक्सेल_पाटील

फोटो व्हॉट्सॲपवरून घेतलेत का? पैजेवर सांगतो, घेतलेत. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. विद्यार्थ्याच्या फोनमधले मूळ फोटो केबलने किंवा ड्राइव्हवरून घ्या. पाठवायचेच असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके) हिशोब सोपा आहे. पानभर रुंदीचं चित्र १७० मिमीचं धरलं तर साधारण २००० पिक्सेल रुंदी लागते. १२ मेगापिक्सेलचा फोन ४००० देतो, म्हणजे मूळ फोटो असेल तर प्रश्नच नाही. मूळ हरवला असेल तर सॉफ्टवेअरमध्ये ७२ च्या जागी ३०० लिहून काही होत नाही. आकडा बदलतो, पिक्सेल तेवढेच राहतात. आणि फोटो वर्डमध्ये चिकटवू नका, वर्डही ते दाबतं. टिफ करून वेगळे अपलोड करा. फुला-कंदांच्या फोटोंवर मोजपट्टी हवी.

जोडाक्षर

कृतिदेव, श्रीलिपी वगैरे फॉन्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट वर नुसता मराठी चेहरा चढवतो. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की असंच दिसणार. कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, पण नंतर ओळ न् ओळ वाचा. रफार आणि पोटफोडा 'ष' हमखास बिघडतात. शेजारी रोमन लिपीचा रकाना ठेवा. 'ळ'साठी खाली टिंब दिलेला एल घ्यायचा असेल तर सगळीकडे तोच घ्या, एकाच तक्त्यात तीन पद्धती नकोत. आणि नाव कुठल्या गावचं तेही लिहा. टाकळ्याला विदर्भात तरोटा म्हणतात.

पावसाळी_पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. पाटील, पैज जिंकलात! टायपिंगवाला रद्द.

अजून दोन शंका. बायकांची संमती आम्ही तोंडीच घेतली आहे, बऱ्याच जणींना लिहिता येत नाही. चालेल का? आणि माझे जुने दोन पेपर माहेरच्या आडनावाने आहेत, आता काय लिहू?

हर्बेरियमवाला सर, शेवळाचा नमुना ऑगस्टचा आहे, नुसतं पान.

तळटीप

तोंडी संमती बरीच जर्नलं मान्य करतात, पण ती कशी घेतली, कोणासमोर, त्यांना कामाबद्दल काय सांगितलं, हे पद्धतीच्या भागात स्पष्ट लिहा. कॉलेजच्या एथिक्स कमिटीचं पत्र असेल तर त्याचा क्रमांक द्या. चेहरा दिसणाऱ्या फोटोची संमती वेगळी लागते. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवलं असेल तर तेही नोंदवा.

आडनावासाठी ऑर्किड (ओआरसीआयडी, संशोधकाचा ओळख क्रमांक) काढा, १६ अंकी असतो, फुकट मिळतो. त्यात दोन्ही नावं आणि जुने पेपर जोडता येतात. यापुढे कुठलंही एक नाव धरा आणि ते बदलू नका. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे घालायचं की नाही हेही आत्ताच ठरवा, नाहीतर डेटाबेसमध्ये तुमच्या तीन बायका होतील.

अपलोड झाल्यावर पोर्टल एक पीडीएफ बनवून देतं. 'अप्रूव्ह' दाबण्याआधी ती पहिल्या पानापासून वाचा. तुमचा 'व्ही के डी' तिथेच दिसला असता.

हर्बेरियमवाला

नुसत्या पानावरून जात ठरवणं धोक्याचं. शेवळाचा फुलोरा पावसाच्या तोंडाशी येतो, पान मागाहून. लोक खातात तो कोवळा फुलोराच, तेव्हा नमुनाही त्याचाच हवा. मांसल असल्याने नीट वाळत नाही, एखादा स्पिरिटमध्येही ठेवा.

पावसाळी_पाऊलवाट

म्हणजे पुढच्या मे-जूनपर्यंत थांबायचं? तक्त्यातून शेवळं काढून टाकू का? पण निम्म्या मुलाखती त्याच्यावरच आहेत हो.

हर्बेरियमवाला

काढू नका. घाई असेल तर प्रजातीपर्यंतच ओळख द्या: ॲमॉर्फोफॅलस, पुढे 'एसपी.'. फक्त पानाचा नमुना मिळाला म्हणून जात निश्चित केली नाही, असं तळटीपेत लिहा. रिव्ह्यूअर ते समजून घेतो, चुकीची जात ठोकून दिलेली मात्र खपवून घेत नाही. पानाच्या नमुन्याचाही क्रमांक घ्या. आणि 'एसपी.' तिरकं करायचं नाही.