अमिदाचा वेढा: शापूर जिंकला की ७३ दिवस वाया घालवले?

बुरुजवेडा:
माझं स्पष्ट मत, इ.स. ३५९ मध्ये रोमनांचं अमिदा शहर (आजचं तुर्कस्तानातलं दियारबाकर) घेऊनही इराणचा सासानी बादशहा दुसरा शापूर हरलाच. रोमनांकडून फुटून आलेला अँटोनिनस त्याला सांगत होता की किल्ल्यांच्या नादी लागू नका, सरळ युफ्रेटिस ओलांडा. पण नदीला पाणी चढलेलं म्हणून फौज वरच्या अंगाला वळली आणि अमिदा आडवं आलं. शापूरच्या बाजूनं लढणाऱ्या कायोनाइट लोकांचा राजा ग्रुम्बातेस शरण या सांगायला तटाजवळ गेला आणि बॅलिस्टाचा (बाण फेकणाऱ्या यंत्राचा) बाण शेजारच्या त्याच्या कोवळ्या पोराच्या चिलखतातून छातीत घुसला. त्या एका सूडापायी ७३ दिवस आणि ३०,००० माणसं!

रानवाट:
सूड म्हणून झटकू नका हो. मित्र राजाचं पोर गेलंय, त्याच्या प्रेतासाठी रात्र पडेपर्यंत कापाकापी झालीय, अशात शापूर चला पुढे म्हणाला असता तर कायोनाइट त्याच्याबरोबर राहिले असते का? शिवाय आत सात लीजन (रोमन पलटणी) होत्या, त्या पाठीशी ठेवून सीरियात शिरायचं म्हणजे रसद स्वतःहून शत्रूच्या हातात देणं. पुढच्याच वर्षी त्यानं सिंगारा आणि बेझाब्दे हे रोमन किल्ले घेतले, ते विसरू नका.

माळावरचा:
तुम्ही दोघं शापूरवर भांडताय, मला संताप येतो तो रोमन सेनापती सॅबिनियानसचा. दुसरा रोमन सरदार उर्सिकिनस म्हणतोय वेढ्यावर मागून छापे घालू, आणि हा सेनापती एडेसा शहरातून हलेना. इकडे अमिदातले गॉलचे शिपाई रात्री कुऱ्हाडी-तलवारी घेऊन बाहेर पडले, पार शापूरच्या तंबूच्या रोखानं, आणि परतताना ४०० जण गेले. मदत आली असती तर?

रानवाट:
पण हे सांगणारा इतिहासकार अम्मियानस उर्सिकिनसच्याच हाताखालचा, सॅबिनियानसची बाजू त्यात येणार कशी?

माळावरचा:
मान्य, पण तो स्वतः आत होता आणि आपल्यांची नामुष्कीही लपवत नाही. रोमनांनी आतून रचलेला मातीचा दमदमाच (उंच ढिगारा) बाहेर ढासळला, तट आणि शत्रूच्या दमदम्यामधली फट बुजली आणि शत्रूला आयती वाट मिळाली, आणि रात्री आपण चोरदरवाजातून निसटलो हेही त्यानंच लिहिलंय.

बुरुजवेडा:
तरी माझा मुद्दा तिथेच. शापूर कैदी घेऊन परत गेला, अमिदा रोमकडेच राहिलं. ३६३ मध्ये रोमनांनी निसिबिस शहर त्याला सोडलं तेव्हा तिथली माणसं घरदार टाकून राहायला आली ती याच अमिदात.