चोक ओढला की चालते, सोडला की बंद! कार्बोरेटर बदलू का?

निफाडचा_बागाईतदार:
नमस्कार मंडळी. वडिलांची 2009 ची 100 सीसी गाडी आहे, कार्बोरेटरवाली. ते आजारी होते म्हणून अडीच महिने पडवीत उभीच होती, आता थंडीत पहाटे बागेत जायला काढली तर पूर्ण चोक ओढून आठ-दहा किका मारल्या की सुरू होते पण चोक सोडला की लगेच बंद. दोन किलोमीटर चालवून गरम करून पण बघितली, तेच. रेस धरून ठेवली तर चालते, सोडली की मरते. गावातला फिटर म्हणतो कार्बोरेटर गेला, नवीन टाका. वडिलांनी गाडी जिवापाड जपलीय, ओरिजिनल पार्ट काढायला मन होत नाही. काय करू?

वाईचं_गॅरेज:
भाऊ थांबा, काही बदलू नका. कार्बोरेटर हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देतो, चोक त्यातली हवा कमी करतो म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढतं, आणि तुमची गाडी त्याच्याशिवाय चालत नाही म्हणजे एकतर पेट्रोल कमी मिळतंय नाहीतर कुठून तरी जादा हवा घुसतेय. चोक चांगला आहे तुमचा. अडीच महिने उभी म्हणताय म्हणजे माझा पहिला संशय स्लो जेटवर, म्हणजे कार्बोरेटरमधल्या ज्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून रेस नसताना पेट्रोल येतं त्यावर. पेट्रोल उडून जातं, मागे राळेसारखा चिकट थर राहतो आणि स्लो जेटचं भोक एवढं बारीक की तेच आधी बुजतं. रेस दिल्यावर पेट्रोल देणारा मेन जेट मोठा, म्हणून रेसवर चालते.
टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करा, फ्लोट चेंबरचा (कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी) ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा, तळाला पाणी दिसलं तर टाकीपण रिकामी करावी लागेल, हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं. मग जेट काढा, स्क्रूड्रायव्हर खाचेत फिट बसणाराच घ्या, पितळ आहे, खाच लगेच झिजते. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारा, टायरवाल्याकडून कॉम्प्रेसरची हवा मारून घ्या. टाचणी किंवा स्टीलची तार अजिबात घालायची नाही, भोक मोठं झालं की जेट गेला. वायरमधली तांब्याची एक बारीक काडी चालेल. डोळ्याला चष्मा लावा.
आणि तोपर्यंत चोकवर गाडी दामटू नका, जादा पेट्रोल सिलिंडरवरचं ऑइल धुऊन खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं.

डोंबिवली_रायडर:
दादा, मॅनिफोल्डचं रबर (कार्बोरेटर आणि इंजिनमधला जोड) पण बघा. माझी सेम लक्षणं होती, मी तीनदा कार्बोरेटर साफ केला आणि शेवटी रबराला खालच्या बाजूने चीर निघाली, वरून दिसतच नव्हती. इंजिन थंड असतानाच सुरू करून जोडावर क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारायचा, आवाज बदलला की हवा तिथूनच जातेय. पेट घेणारी वस्तू आहे, सायलेन्सरपासून लांब.

देवगड_कलमं:
माझा ग्रास कटर पण चोकवरच चालतो हो, टू स्ट्रोक आहे. जेट साफ करून होईल का?

वाईचं_गॅरेज:
ताई, त्यात बहुतेक फ्लोट नसतो, डायफ्राम म्हणजे पातळ पडदा असतो. आधी टाकीतल्या पाइपच्या टोकाचा फिल्टर बघा, मग पाइपला चीर आहे का ते. डायफ्राम हाताला कडक लागला तर किट बदला. पावसाळा संपला की मिक्स (ऑइल मिसळलेलं पेट्रोल) टाकीत ठेवू नका, टाकी रिकामी करून बंद पडेपर्यंत चालवायचा.

निफाडचा_बागाईतदार:
दादा झालं काम!! जेट काढून सूर्याकडे धरला तर भोकातून काहीच दिसेना, काडीने पिवळट चिकट निघालं आणि मग टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला, लय बरं वाटलं. आता पहाटे चोक ओढून तिसऱ्या किकला सुरू होते आणि मिनिटभरात चोक सोडला तरी चालते. फक्त चेंबर लावताना आतलं रबर मोठं झाल्यासारखं खाचेत बसेना, दाबून बसवलं तर तिथून पेट्रोल पाझरतंय. सिलिकॉन लावू का?

वाईचं_गॅरेज:
नको, साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये टिकत नाही, तुकडे सुटून परत जेटमध्येच जातील. रबर पेट्रोल पिऊन फुगलंय. नवीन ओ-रिंग आणा, जुनी दुकानात दाखवून त्याच मापाची घ्या. आणि ती बसेपर्यंत कॉक बंद ठेवा, पाझरत असताना किक मारू नका.