मुखपृष्ठ फाटलेला जुना अमेरिकन कॉमिक अंक: साल कसे ठरवावे?

प्रश्न (भुसावळ)
माझे आजोबा रेल्वेत गार्ड होते. त्यांची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा तळाशी मुखपृष्ठ नसलेला एक अमेरिकन कॉमिक अंक मिळाला. त्यात रबरासारखा ताणला जाणारा, काळा चष्मा लावलेला नायक आणि ठिपक्यांचा सदरा घातलेला त्याचा गोलमटोल सोबती आहे. दुसऱ्या कथेत हॅट घातलेला मुखवटाधारी गुप्तहेर आहे. मध्येच एका पानाची निव्वळ विनोदी चित्रकथा येते आणि नंतर दोन पाने बारीक अक्षरांतली साधी गोष्ट येते. ही दोन पाने दुसऱ्या मासिकातून चुकून शिवली गेली असतील का, आणि अंक कोणत्या वर्षाचा असावा?

उत्तर (जळगाव)
दादा, आपला नायक म्हणजे चित्रकार जॅक कोल यांचा प्लॅस्टिक मॅन. ऑगस्ट १९४१ च्या ‘पोलीस कॉमिक्स’च्या पहिल्याच अंकात तो आला. मुखवटाधारी गुप्तहेर हा चित्रकथाकार विल आयस्नर यांचा ‘स्पिरिट’ असावा. तो वृत्तपत्रांच्या पुरवणीतून या मासिकात ११ व्या अंकापासून येऊ लागला. गोलमटोल सोबती वूझी विंक्स मात्र १३ व्या अंकात, म्हणजे नोव्हेंबर १९४२ मध्ये अवतरला, त्यामुळे आपला अंक त्याआधीचा असू शकत नाही. आता पृष्ठे मोजावीत. पूर्वी १० सेंटला ६४ पृष्ठे मिळत, परंतु युद्धामुळे कागदावर नियंत्रण आल्यावर साधारण १९४३ पासून प्रकाशकांना ती घटवावी लागली.

उत्तर (धुळे)
ती दोन पाने चुकून आलेली नाहीत. अमेरिकेत नियतकालिकांचा सवलतीचा टपालदर मिळवण्यासाठी अंकात थोडा तरी सलग मजकूर असणे आवश्यक होते, म्हणून जवळजवळ प्रत्येक कॉमिकमध्ये अशी गोष्ट घालत. मुले ती बहुधा ओलांडून पुढे जात, तरीही त्या पानांना मी कमी लेखणार नाही, कारण पुढे मार्व्हल कॉमिक्सचे लेखक-संपादक म्हणून गाजलेले स्टॅन ली यांचे पहिले प्रकाशित लेखन १९४१ च्या ‘कॅप्टन अमेरिका’च्या तिसऱ्या अंकातील अशीच दोन पानी गोष्ट होती.

प्रश्नकर्ता
आपण दोघांनीही फार मोलाची माहिती दिलीत. आतली पृष्ठे ५६ भरली आणि मधले एकही पान गळालेले दिसत नाही, म्हणजे अंक साधारण १९४३ चा किंवा त्यानंतरचा असावा. एक गोष्ट मात्र खटकते: युद्ध पेटलेले असताना साहस आणि विनोद एकाच अंकात का?

उत्तर (चोपडा)
कारण एका अंकात घरातल्या सर्वांना पुरेल असा मसाला देणे हीच त्या मासिकांची रीत होती. शिवाय कोल यांच्याकडे या दोन गोष्टी वेगळ्या राहतच नाहीत. गुंडांचा पाठलाग अगदी खरा असतो, परंतु त्याच चौकटीत नायक गालिचा, खुर्ची किंवा दिव्याचा खांब होऊन बसलेला असतो आणि त्याला शोधताना वाचकाला हसू आवरत नाही. मला तर मुठी आपटणाऱ्या त्या काळच्या बहुतेक वीरांपेक्षा हा वीर अधिक जिवंत वाटतो.

एक कळकळीची विनंती आहे. युद्धकाळात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत असे असंख्य अंक लगद्यात गेले. हा कागद हलक्या प्रतीचा असतो आणि आपल्याकडच्या वैशाखात तो लवकर ठिसूळ होतो. त्यामुळे चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये. आम्लरहित कागदात गुंडाळून तो अंक पत्र्याच्या पेटीऐवजी घरातल्या थंड, अंधाऱ्या कपाटात आडवा ठेवावा.