कोकणकड्यावरचा सूर्यास्त: आकाश पांढरं नाहीतर दरी काळी

प्रश्न: परवा हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यावरून सूर्यास्त टिपला. आकाश सांभाळलं की दरी काळीठिक्कर, दरी उजळली की आकाश पांढरंफटक. म्हणून −२, ०, +२ एक्स्पोजरचे (गडद, मध्यम, उजळ) असे तीन फोटो जोडले, तर पुढचं गवत दुहेरी दिसतंय. काय चुकलं?

उत्तर: वारा! कड्यावर तो थांबतो कधी? जोडताना डीघोस्ट (हललेल्या गोष्टींची दुहेरी प्रतिमा काढणारा पर्याय) चालू करा. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) तेच ठेवून फक्त शटरचा वेग बदललात ना?

प्रश्नकर्ता: हो, एफ ८, आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलता) १००. ट्रायपॉड नव्हता, कॅमेरा दगडावर टेकवला होता.

दुसरं उत्तर: मग सगळंच वाऱ्यावर ढकलू नका, कॅमेराही हलला असेल! रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) असेल तर −२ च्या एकट्या फोटोतल्या सावल्या उचलून, म्हणजे उजळून बघा. माझं बऱ्याचदा तेवढ्यात भागतं. फार उचलू नका मात्र, दरी दिवाळीतल्या किल्ल्यासारखी दिसायला लागते.