मुलाने विचारले, “देव आहे हे तुम्ही कशावरून म्हणता?”

प्रश्न

सप्रेम नमस्कार. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. गेल्या रविवारी उपासनेहून परतल्यावर बूट काढता काढता त्याने विचारले, “बाबा, देव आहे हे तुम्ही कशावरून म्हणता?” हे जग आपोआप झाले नसणार, कोणीतरी ते निर्माण केले असणार, असे मी म्हणालो. त्यावर तो शांतपणे म्हणाला, “मग देवाला कोणी निर्माण केले?” माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि इतकी वर्षे प्रार्थना करूनही मी स्वतःला हा प्रश्न कधी विचारला नव्हता, हे मला अधिक टोचले. त्याला गप्प करणारे उत्तर मला नको आहे. ख्रिस्ती विश्वासाला विचारांचा आधार कोणता, हे मला आधी स्वतःसाठी समजून घ्यायचे आहे.

पहिला प्रतिसाद

मुलाचा प्रश्न रास्त आहे. मात्र ‘प्रत्येक गोष्टीला कर्ता असतो’ असे आपण म्हटले तरच तो लागू पडतो, आणि मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांनी तसे म्हटलेलेच नाही. ज्या गोष्टी आहेत, पण नसत्या तरी चालले असते, त्यांचे असणे दुसऱ्या कशावर तरी अवलंबून असते, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. एका आरशातला उजेड दुसऱ्या आरशातून आला, दुसऱ्यातला तिसऱ्यातून, असे कितीही आरसे मांडले, तरी ज्याला उजेड उसना घ्यावा लागत नाही असा दिवा कुठेतरी असल्याशिवाय त्यांपैकी एकही उजळणार नाही. देव हा त्या रांगेतला आणखी एक आरसा नव्हे.

विश्वाला आरंभ होता हे निव्वळ तर्काने सिद्ध करता येत नाही, असेही अक्वायनस मानत. त्यामुळे हा युक्तिवाद विश्वाच्या आरंभीच्या महास्फोटावर (बिग बँग) टेकलेला नाही. महास्फोटाच्या कल्पनेचा पाया घालणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, पण १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्या सिद्धांताचा संबंध निर्मितीच्या शिकवणुकीशी जोडला, तेव्हा ते लमेत्र यांना रुचले नाही. मुलाशी बोलताना आपणही तेच पथ्य पाळावे, असे मला वाटते.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन मला मान्य आहे, पण आदिकारण मानणारे लोक कितीतरी धर्मांत आहेत. ख्रिस्ती माणसाचे कारण याहून नेमके असते: येशू मरणातून उठला, हे. “ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे,” अशा अर्थाचे वाक्य येशूचा प्रेषित पौल यानेच लिहून ठेवले आहे. कुठे घाव घातला असता आपली श्रद्धा कोसळेल, हे त्याने स्वतःहून दाखवून दिले, आणि मला त्याचा हा सरळपणा फार मोलाचा वाटतो.

बायबलमधल्या, पौलाने लिहिलेल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय मुलाबरोबर वाचा. हे पत्र इ. स. ५५ च्या सुमाराचे, म्हणजे वधस्तंभाच्या घटनेनंतर साधारण पंचवीस वर्षांच्या आतले. उठलेला येशू कोणाकोणाला दिसला याची यादी त्यात आहे: केफा (म्हणजे पेत्र), बारा शिष्य, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, सर्व प्रेषित. त्या पाचशेंपैकी बहुतेक जण अजून हयात आहेत, असेही पौल सांगतो. म्हणजे ज्याला शंका असेल त्याने जाऊन विचारावे. येशूचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते, असे योहानाच्या शुभवर्तमानात स्पष्ट लिहिले आहे, आणि तरी त्याचा भाऊ याकोब पुढे यरुशलेममधल्या मंडळीचा पुढारी झाला. पौल तर आधी मंडळीचा छळ करणारा होता. चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेपाशी आधी पोहोचतात त्या स्त्रिया, ज्यांच्या साक्षीला त्या समाजात फारसे वजन नव्हते. कथा रचायचीच असती तर हे साक्षीदार कोणी निवडले नसते.

यातून गणितासारखी सिद्धता मिळत नाही. परंतु घाबरून लपलेली माणसे अचानक उघडपणे का बोलू लागली, याचे याहून समाधानकारक स्पष्टीकरण मला अजून मिळालेले नाही.

तिसरा प्रतिसाद

आपल्या मुलाचा पुढचा प्रश्न दुःखाविषयी असेल, म्हणून लिहिते. माझी आई दोन वर्षे अंथरुणाला खिळून होती. शेवटी शेवटी तिला बोलता येत नसे. मी स्तोत्र वाचू लागले की ती चादरीवर बोट हलवून ताल धरी. ती बरी झाली नाही. त्या काळात कोणताही युक्तिवाद माझ्या उपयोगी पडला नाही. उपयोगी पडले ते अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र, जे अंधारातच संपते आणि तरीही शास्त्रात ठेवलेले आहे, आणि वधस्तंभावरची येशूची ती हाक, “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” दुःख का आहे याचे उत्तर मला मिळाले नाही. पण जो देव त्या वेदनेच्या बाहेर उभा राहिला नाही, त्याच्यावर मी विश्वास ठेवू शकते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल रात्री आम्ही दोघांनी पंधरावा अध्याय वाचला. आरशांचा दृष्टांत त्याला पटला, पण त्या पाचशेंपैकी एकाचेही नाव नाही, हे त्याला खटकले, आणि मी त्यावर वाद घातला नाही. याकोबापाशी मात्र तो थांबला. “सख्ख्या भावाला फसवणे सोपे नसते,” असे तो म्हणाला. आज आम्ही बायबलमधले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, पंधरावा अध्याय उघडणार आहोत. याकोब तिथे बोलतो.